खिडकीतला पाव

परदेशच्या सहलीत फेज शहराच्या बाजारातून हौसेने आणलेला गोल पाव सकाळी वातड झाला, म्हणून मी तो हॉटेलच्या खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. खोली झाडायला आलेल्या बाईंनी तो बाहेर काढला, झटकला, ओठांना आणि कपाळाला लावला आणि पाखरांसाठी खिडकीत ठेवला. काल बाजारातल्या कोनाड्यांतही असेच तुकडे ठेवलेले होते. 'काय ही घाण!' म्हणत मी त्यांचे फोटो काढले होते. पोळीचा तुकडा पायाला लागला तर नमस्कार करणारी मी! ती सवय काय घरीच ठेवून आले होते?

ओशाळून मी म्हणाले, "सॉरी."

बाई हसल्या नाहीत. पावाकडे बोट दाखवून मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "मला नको, त्याला म्हणा."