वर्षाची उलटतपासणी

वर्षाचे किस्से मी ठरवून गोळा केलेले नाहीत. ओल्या पायांना वाळू लागावी तसे ते लागत गेले. आता चार मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "ए, वर्षाचा एखादा सांग ना!" आणि एकावर कधी भागत नाही.

वर्षा हिंगोलीत माझी रूम पार्टनर होती. घर सेनगावकडच्या एका खेड्यात, मेंढरं पाळणारं. कॉलेजपर्यंत पोचलेली त्या घरातली ती पहिलीच पोरगी. तिच्या आबांनी एका अटीवर पाठवली होती, "देवाधर्माचं काही वंगाळ कानावर आलं, तर शिक्षण बंद!" आणि हिचा आवडता उद्योग काय, तर देवाधर्माची उलटतपासणी!

"अगं, कुणी आबांना सांगितलं म्हणजे?" मी कळवळून म्हणायचे.

"देव न्हाई असं कुठं म्हणून राहिले मी? तपासून राहिले फक्त."

तपासणार ती, आणि घाम मला. मी कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी!

*

एकदा आम्ही औंढ्याला निघालो. जीप खचाखच. ड्रायव्हरपुढे नागनाथाचा फोटो, फोटोपुढे अगरबत्ती, आणि धूर सगळा माझ्या डोळ्यांत. प्रत्येक वळणाला मी "अगं आई गं!" करत वर्षाचा दंड आवळत होते.

ड्रायव्हर म्हणाला, "भिऊ नका ताई. गाडी मी न्हाई, तो चालवतो."

वर्षानं लगेच विचारलं, "मंग दादा, तुमी हॉर्न काहून वाजवून राहिले?"

अख्खी जीप हसली. ड्रायव्हरनं अजून एक हॉर्न दिला आणि म्हणाला, "त्याला म्हशी दिसतात ताई, म्हशींना तो दिसत न्हाई ना!"

सगळ्यांत जोरात वर्षाच हसली. उतरल्यावर म्हणते, "बराबर बोलला गडी." समोरच्याचं फक्कड उत्तर आलं की हरल्याचं दुःख तिला कधी व्हायचंच नाही. मी हरले की आठवडाभर झोपत नाही.

*

परीक्षा तोंडावर आलेली. मी पुस्तक मिटून म्हणाले, "मी नापास होणार," आणि ट्यूबलाइटमागून पाल चुकचुकली! बोलताना पाल चुकचुकली की ते खरं होतं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मी रडायलाच बसले.

वर्षा शांतपणे म्हणाली, "आता म्हण, मी कलेक्टर होणार. पाल बोलेपर्यंत म्हणत राहा."

मी हुंदके देत म्हणत राहिले. घसा सुकला. शेवटी पाल पुन्हा चुकचुकली.

"झालं! आता तीच पाल दोन्ही बोलली. नापास कलेक्टर कुठं बघितलास का?"

मी पास झाले. कलेक्टर अजून झालेले नाही.

*

घरमालकीण काकू रोज संध्याकाळी हिच्याशी वाद घालायला यायच्या. एकदा पदर खोचून म्हणाल्या, "देव नाही हे सिद्ध करून दाखव!"

"ते मला जमत न्हाई काकू." हे ऐकून माझ्या हातून कपच सुटला. वर्षा पुढे म्हणाली, "पण तुमच्या गच्चीवर एक हत्ती हाय. दिसत न्हाई, आवाज करत न्हाई. तो न्हाई हे तुमी सिद्ध करा."

काकू केरसुणी घेऊन गच्चीवर गेल्या. पंधरा मिनिटांनी खाली आल्या.

"असला तर असू दे. घाण करत नाही, भाडंही थकवत नाही. तुमच्यापेक्षा बरा!"

*

दिवाळीच्या सुट्टीत मी वर्षाच्या गावी गेले. मेंढरं आजारी पडलेली, रोज एखादं मरत होतं. आबांनी भगत बोलावला. त्यानं अंगारा टाकला, डोळे मिटले आणि बोट थेट वर्षाकडे! मी दोन पावलं मागे सरले.

"ही पोरगी देवाची परीक्षा घेते. हिला घरी बसवा, तवाच मेंढरं वाचतील."

सगळ्या जगाशी वाद घालणारी वर्षा त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. नुसती आबांकडे बघत राहिली. अट ठाऊक होती तिला.

आबांनी हळूच विचारलं, "म्हाराज, पोरगी घरी बसवली अन् मेंढरं वाचली, तर?"

"तर देव पावला म्हणायचं."

"अन् न्हाई वाचली तर?"

"मंग तुमची सेवा कमी पडली."

"म्हंजी तुमी काही चुकत न्हाई?"

भगत हसला. "माझ्या तोंडून देव बोलतो. मी कसा चुकीन?"

 आबा उठले, भगताच्या हातात मानानं नारळ ठेवला आणि वर्षाकडे वळले.

"जनावराच्या डॉक्टरला फोन लाव. अन् सुट्टी संपली की कॉलेजला जा गुमान."

भगत भडकला, "देवापरीस डॉक्टर मोठा झाला व्हय?"

"मोठा न्हाई, म्हाराज," आबा म्हणाले. "पण तो चुकला की चुकलो म्हणतो."