गाळातला वाफसा

सणसरच्या आमच्या घरातून लांबचं काही दिसत नाही. घर रानातच आहे आणि तिन्ही बाजूंना ऊस. लागण झाल्यावर चार-पाच महिने बरे जातात. मग ऊस डोक्याच्या वर जातो आणि पुढं तोड येईपर्यंत आपण विहिरीच्या तळाला राहतोय असं वाटायला लागतं. चौथ्या बाजूला गोठा, त्यात पाच गाई. लग्न ठरलं तेव्हा आईनं सगळ्या आळीला कौतुकानं सांगितलं होतं, लेकीच्या घराला चहूकडून हिरवं आहे म्हणून. तिला कुठं राहायचं होतं तिथं!

माझं माहेर मोरगावकडचं, कोरडवाहू. तिथं माळावर उभं राहिलं की एसटी दोन मैलांवरून धुरळा उडवत येताना दिसायची. गरिबी होती, पण नजरेला कुंपण नव्हतं. हे मी सासरी कधी बोलून दाखवलं नाही. पाण्याच्या गावात येऊन कोरड्या माळाची आठवण काढणारी बाई म्हणजे येडीच की.

बारामतीच्या एक मॅडम आहेत. माझ्या मुलीला शाळेत शिकवायच्या. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली, तरी आमचं बोलणं राहिलं. त्यांनी बायकांचा एक गट केला होता. उन्हाळ्यात दर रविवारी बाहेर पडायचं. एका रविवारी टेकडी नाहीतर माळरान, दुसऱ्या रविवारी उजनी धरणाच्या फुगवट्यावर जाऊन होडी वल्हवायची. कयाक म्हणतात ती लांबट, प्लास्टिकची, दोघांची होडी. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये त्यांनी मला विचारलं आणि मी घरी विचारलं.

आमच्या घरात विचारायचं म्हणजे आबांना, माझ्या सासऱ्यांना. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. नवरा सेहेचाळीस वर्षांचा आहे, पण ट्रॅक्टरचा टायर बदलायचा असला तरी तोही आबांनाच विचारतो. आबांनी जरा वेळ घेतला आणि म्हणाले, "जा की. पन सकाळची धार काढून जायचं, आन् सांजच्या धारेला गोठ्यात दिसली पायजेस. एक डाव जरी घोळ झाला, तर पुन्यांदा नाव काढायचं न्हाय."

धारेचं कारण खोटं नव्हतं. आमच्या गाई माझ्या हाताच्या आहेत. दुसरं कुणी बसलं तर पान्हा चोरतात, दूध निम्म्यावर येतं आणि डेअरीवर चर्चा होते. मी दोन्ही अटी मान्य केल्या. धार काढायला मी नाहीतरी होतेच.

पाच रविवार मी गेले. पहिल्यांदा माळरानावर चालायला गेलो आणि एका बाईनं ओरडून चिंकारा दाखवला. मी लहानपणी शेळ्यांमागं असे पन्नास बघितलेले. तरी त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाण्यावर तर मी पहिल्या तासातच वेडी झाले. आपण बसलोय तिथपासून पार पलीकडच्या काठापर्यंत मध्ये काही उभं नाही, ही गोष्ट मी विसरून गेले होते. मला पोहता येत नाही, पण लाइफ जॅकेट होतं आणि वल्हं मारायला मला लगेच जमलं. धारा काढून काढून मनगटं तयार होती. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मागं बसत जा, दिशा तुम्हीच धरा." मागे बसणाऱ्याच्या हातात होडी असते. घरी येऊन मी हे कुणाला सांगितलं नाही, पण आठवडाभर गुणगुणत होते.

सहाव्या रविवारी नवरा म्हणाला, "आज मी बी येतो."

झालं होतं असं की एका बाईनं फोटो टाकला, तो फिरत फिरत डेअरीवर पोचला. तिथं कुणीतरी विचारलं, वैनी काय होड्या चालवतात व्हय? एवढ्यावर हा पेटला. तो वाईट माणूस नाही, हे आधी सांगते. हात उचलत नाही, दारूला शिवत नाही. पण चार माणसांत कुणी हसलं की त्याचं डोकं फिरतं. मी म्हणाले, "तितं सगळ्या बायकाच असत्यात." तर म्हणाला, "म्हनूनच बघतो एकदा काय चाललंय." त्यानं कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घातली. लग्नाला निघाल्यासारखा.

काठावर आम्ही पोचलो आणि बायकांची बडबड बंद पडली. एरवी एकमेकींना चिमटे काढणाऱ्या त्या ओढण्या सारख्या करून उभ्या राहिल्या. मला इतकी लाज वाटली की मोटरसायकलवरून तशीच माघारी जावं. मॅडमनी मात्र नेहमीसारख्या सूचना दिल्या. उन्हानं पाणी बरंच खाली गेलंय, उघड्या पडलेल्या गाळावर कुणीही कुठंही उतरायचं नाही. मग आम्हा दोघांना एक होडी दिली. मी मागं बसायला लागले तर नवरा म्हणाला, "मी काय पाव्हणा हाय, पुढं बसायला?" मी पुढं बसले.

पुढचा तास मी मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याला वल्हं जमत नव्हतं. होडी जागच्या जागी फिरायची आणि तो मला म्हणायचा, "नीट मार की, तुज्यामुळं वळतीय." उजवं मार, डावं मार, थांब, आता मार. ट्रॅक्टर मागं घेताना मला बांधावर उभी करून ओरडतो, अगदी तसंच. माझे चार तास, सबंध आठवड्यातले माझे चार तास, आणि त्यात हा माझ्या पाठीला पाठ नाही, तोंड लावून बसलेला! समोर एवढं मोठं पाणी होतं आणि मला घरापेक्षा जास्त कोंडल्यासारखं झालं.

तेवढ्यात त्याला काठावरचा मका दिसला. धरणाचं पाणी ओसरलं की कडेची माणसं त्या गाळात पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. मका खरोखर काळाभोर आणि तरारून आलेला होता. "काय मका हाय बघ! बिनखताचा!" तो म्हणाला आणि होडी तिकडं रेटली. मका आणि पाणी यांच्यामध्ये पंधरा-वीस पावलांचा मोकळा पट्टा होता. वरून पांढरा पडलेला, तडे गेलेला.

"उतरू नका," मी म्हणाले. "मॅडमनी सांगितलंय."

"मॅडमला काय कळतं जमिनीतलं?" तो म्हणाला. "वर पांढरी पडलीय, तडा गेलाय. वाफसा हाय. ट्रॅक्टर घातला तरी रुतायचा न्हाय."

आमच्या रानात पाणी दिल्यावर जमीन अशीच बघतात. वरची ओल सरली, रंग उतरला, बारीक तडे आले की वाफसा आला म्हणायचं, मग बैल घाला नाहीतर ट्रॅक्टर. तीस वर्षं त्याची नजर कधी चुकली नव्हती. चुकली ती तिथं. तो ऐटीत उतरला, पहिलं पाऊल बसलं, दुसरं बसलं, आणि तिसऱ्याला पापड मोडावा तसा वरचा थर मोडून तो मांडीपर्यंत आत गेला. पाय ओढायला जोर लावला तर कमरेपर्यंत.

तो आधी हसला. मग त्याचं हसू गेलं. "हात दे," तो म्हणाला.

मी होडी त्याच्याजवळ सरकवली, पण मी एका बाजूला कलले की होडी उलटायला बघायची. लांबून मॅडम ओरडल्या, "हात देऊ नका! कुणी उतरू नका! त्यांना म्हणावं हलू नका, मागं रेला!" मी वल्हं पुढं केलं. त्यानं ते झिडकारलं. "वल्हं नगं, हात दे म्हनतोय न्हवं!" बाकीच्या होड्या जवळ आल्या. नऊ बायका त्याच्याकडं बघत होत्या आणि एकही हसत नव्हती, ते त्याला जास्त लागलं असणार.

मी हात दिला नाही. जागची हलले नाही. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती तशीच आत कुठंतरी बरंही वाटत होतं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तो जागचा हलू शकत नव्हता आणि मी हलू शकत होते. असं वाटल्याची मला नंतर शरम वाटली. पण वाटलं ते वाटलं.

वीस-पंचवीस मिनिटांनी मासेमारीच्या होडीतून एक जोडपं आलं. त्यांच्याकडं लांब फळी होती. बाईनं ती गाळावर टाकली आणि म्हणाली, "पाव्हणं, आडवं व्हा. पोटावर. लाजू नगा." तो पांढऱ्या कपड्यांनिशी गाळात पोटावर झोपला आणि दोघांनी त्याला काखेत धरून रुतलेल्या म्हशीसारखा ओढून काढला. बूट आतच राहिले. बाई त्याला धुवायला पाणी ओतत म्हणाली, "हितं जनावर बी पाय ठेवत न्हाय. तुमी कसा ठेवला?" 

परत येताना तो अनवाणी गाडी चालवत होता. मी मागं बसून घड्याळ बघत होते. साडेतीनच वाजले होते. धारेच्या आत आम्ही घरी पोचणार होतो, म्हणजे माझ्या अटी मोडल्या नव्हत्या. वाटेत मी मनाशी ठरवलं, घरी हे सांगायचंच नाही. हे पाण्यात पडले म्हणायचं, विषय संपला. त्याची शोभा करून मला काय मिळणार होतं? मला फक्त माझे रविवार हवे होते.

आबा दारात लिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. कपडे काळे, केसांत गाळ, पाय उघडे. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "ही रुतली हुती गाळात. मी उतरून काढली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी त्याच्याकडं बघितलं, तो हौदाकडं निघालासुद्धा होता. आबांनी माझ्याकडं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग म्हणाले, "बरं. माणूस हाताला लागलं, लई झालं. आता बास झालं ते होड्या-बिड्या."

मी गप्प बसले. का बसले, ते अजून मला सांगता येत नाही. बोलले असते तर बापाच्या तोंडावर लेकाला खोटं पाडणारी ठरले असते, हे एक. आणि मला वाटलं, तो स्वतःच रात्री बोलेल. तो बोलला नाही. मंगळवारी नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी मॅडमचा निरोप आला, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, परवा टेकडी आहे. मी गोठ्यात गेले आणि गाईच्या पाठीवर डोकं ठेवून रडले. रडून झाल्यावर राग आला, तो बरा होता. रडण्यातून काही निघत नाही.

शनिवारी दुपारी बापलेक जेवायला बसले. मी वाढत होते. वाढता वाढताच म्हणाले, "आबा, त्या दिशी गाळात मी रुतले न्हवते. हे रुतले होते. मी होडीतनं खाली पाय बी ठेवला न्हवता."

नवऱ्याचा हात ताटात थांबला. आबांनी तोंडातला घास संपवला, पाणी प्याले, मिशी पुसली.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तुजी सलवार कोरडी हुती. आन् ह्याच्या कानात गाळ हुता."

मी म्हणाले, "मंग माझं जाणं का बंद केलं?"

ते रागावले नाहीत. उलट इतकं साधं कसं कळत नाही, अशा नवलानं माझ्याकडं बघितलं. आवाजात मायाच होती. "अगं पोरी, त्यो माझ्यासमोर बोलला न्हवं का, तू रुतलीस म्हनून? मंग मी त्याचा शब्द खाली कसा पडू दिऊ? ल्योक हाय त्यो माझा."

मी नवऱ्याकडं बघितलं. आता कुणाचं काही झाकायचं उरलं नव्हतं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं, जाऊ द्या तिला. मी पातेलं हातात धरून वाट बघत उभी राहिले. त्यानं ताटावरून नजर उचलली नाही. चटणी कालवली, अर्धी भाकरी मागितली, आणि मी वाढली.