देवजीला गोळी लागली नव्हती

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी देवजीची आई मासवणहून बोईसरला आली. मंडळाच्या देखाव्यात तिने आपला मुलगा मरताना पाहिला. हवालदारकाका तिच्या शेजारी उभे होते.

काका आमच्या मजल्यावर राहायचे. मूळचे माण तालुक्यातले. फौजेतून सुटल्यावर इथल्या एका कारखान्याच्या गेटवर पहारेकऱ्यांचे मुकादम झाले. घरात गॅस होता, तरी ते गॅलरीत रॉकेलच्या स्टोव्हवर चहा करत. काकू ओरडायच्या, "भिंती काळ्या केल्या तुमच्या फौजेनं!" काका पंप मारत म्हणायचे, "आवाज ऐकू दे गं. त्याच्याबिगर चहाला चव न्हाई."

लढाईची गोष्टही ते स्टोव्हपासूनच सुरू करत. मी शाळेतल्या वाचनालयात काम करते. दर पंधरा ऑगस्टला मुलांसमोर त्यांना बोलवायचे मीच ठरवले होते. मुले बंदुकीची वाट पाहत बसत आणि काका सांगत, बर्फ वितळवून पाणी करायला किती वेळ लागतो, हातमोजा काढला तर बोटांचे काय होते. "तिथं आवाज नसतो, पोरांनो. स्टोव्ह बंद झाला की काईच नसतं." मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू व्हायची. काकांना त्याचे काही वाटत नसे.

देवजीची गोष्ट त्यांनी मुलांना कधी सांगितली नाही. मला सांगितली. दोघे बर्फातल्या एका चौकीवर होते. देवजी मासवणचा, डोंगरउतारावर नाचणी-वरई करणाऱ्या घरातला. थंडीत त्याला खोकला धरला, मग छातीत पाणी झाले. हवा बिघडलेली, हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते. काकांनी त्याचे डोके मांडीवर घेतले आणि स्टोव्ह विझू दिला नाही. पहाटे देवजीने विचारले, "भात शिजला का?" काका म्हणाले, "शिजतोय. झोप तू." तो झोपला. एकही गोळी सुटली नव्हती.

त्याची ट्रंक घेऊन काका मासवणला गेले आणि हे सगळे जसेच्या तसे त्याच्या आईला सांगितले. तेव्हापासून दर दिवाळीला ते पालघरहून एसटीने मासवणला जात. ती त्यांना भात वाढायची. माण सोडून इकडे नोकरी का धरली, असे मी एकदा विचारले. "मासवण जवळ पडतं," एवढेच म्हणाले.

त्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर दिवसभर नकाशे, बाण आणि आरडाओरडा. आपल्याकडे अणुवीज केंद्र आहे, त्यामुळे बॉम्ब आधी आपल्यावरच पडणार, असे भाजीवालीही सांगू लागली. एका संध्याकाळी सरावाचा भोंगा वाजला आणि दिवे घालवायला सांगितले. नवापूरच्या किनाऱ्यावर होड्यांतले दिवेही विझवले होते, असे दुसऱ्या दिवशी कळले. अंधारात सगळी इमारत जिन्यात येऊन बसली. कोणीतरी घोषणा दिली, बाकीच्यांनी साथ दिली, आणि माझ्या लक्षात आले की मीही दिली. खूप बरे वाटले. दिवे आल्यावर काका म्हणाले, "बाई, भ्यालेला माणूस लई मोठ्यानं बोलतो बगा."

पुढे गणपतीच्या देखाव्याला सीमेवरचा जवान हा विषय ठरायला वेळ लागला नाही. मंडळाचा अध्यक्ष नीलेश रासायनिक कारखान्यात पाळी करणारा, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा मुलगा. तो काकांकडे मोबाईलवर आवाज भरून घ्यायला आला. काकांनी पहिल्यांदाच देवजीची गोष्ट चारचौघांसाठी सांगितली, स्टोव्हपासून भातापर्यंत. नीलेशचे डोळे भरून आले. मग त्याने विचारले, "काका, गोळी कुठंय यात?"

"न्हवतीच."

"अहो, पण थर्माकोलच्या डोंगरावर माणूस खोकताना कसा दाखवायचा? लोक रांग लावून येणार. शहीद खोकून मेला म्हणून सांगू?"

"मेला तसाच सांग की."

नीलेश हसला. "बघतो, काका."

जाताना काकांनी विचारले, "सांगाडा सलीमच करतोय न्हवं?" मंडळाचा लोखंडी सांगाडा दर वर्षी सलीमभाई वेल्डर करायचा. नीलेश चपला घालत म्हणाला, "या वर्षी नको म्हणाले सगळे. विषय तसा आहे ना." काकांनी स्टोव्हचा पंप दोनदा मारला आणि काडी न लावताच ठेवून दिला.

तरीही त्यांनी मासवणला निरोप धाडला. पोरांनी देवजीचे नाव दिले आहे, येऊन बघ. आजवर त्याचे नाव कुणी कुठे दिले नव्हते. एवढ्या एका गोष्टीला ते भुलले.

पडदा सरकला. सुरुवातीला काकांचा आवाज होता: "तिथं आवाज नसतो." लगेच सरावातला तोच भोंगा वाजला, कोणीतरी भरून ठेवला होता. लाल दिवे लागले. भारदस्त आवाजाच्या एका माणसाने पुढची गोष्ट हातात घेतली. देवजी झेंडा घेऊन डोंगर चढला, त्याच्या छातीवर लाल दिवा पेटला, तो किंचाळून पडला. खाली मोटर होती. टाळ्या थांबल्या की देवजी पुन्हा उठायचा, पुन्हा चढायचा, पुन्हा पडायचा.

आई ते तीनदा पाहून काकांकडे वळली. "तू तं सांगलेलं, झोपंत गेला."

"झोपंतच गेला, आय. मांडीवर होता माझ्या."

"मंग ही येवढी माणसं खोटी हायत?"

काकांनी रांगेकडे पाहिले. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. ते उत्तर देईपर्यंत माईकवरून "वीरमाता" अशी हाक आली. बायकांनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवले, शाल पांघरली, नारळ दिला, ओळीने पाया पडल्या. तिच्या पाया आजवर कोणी पडले नव्हते. आरती होईपर्यंत ती त्या खुर्चीवर बसून होती. एकदाही मागे वळून पाहिले नाही.

दिवाळीत काका नेहमीप्रमाणे मासवणला गेले. तिथे अंगणात माणसे जमली होती, आणि ती सांगत होती, "छातीत लागली गोळी. पन झेंडा सोडला नाय माज्या पोऱ्यानं." काका तिथेच बसले होते. तिने त्यांना भात वाढला. त्यांनी तो खाल्ला आणि परत आले.

"तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारले.

"काय बोलू? मी तिला झोपंतलं मरण नेऊन दिलं हुतं. बरीच वर्सं ती त्याच्यावर निजली. आता म्हणते, रोज ते किंचाळणं ऐकू येतं." मग म्हणाले, "पर बाई, आता तिच्या दारात लोक येत्यात. माझ्या गोष्टीनं कोण आलं हुतं?"

त्यानंतर शाळेत बोलायला यायचा विषय निघाला की ते म्हणायचे, "नीलेशला बोलवा. त्याला पाठ हाय." सलीमभाईने दुकान आवरून दुसरीकडे नेले, कुठे, ते कोणी विचारले नाही. गॅलरीतला स्टोव्ह काकूंनी पोत्यात बांधला, तरी काका काही म्हणाले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

पौषात काका गेले. छातीत दुखले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपले. नीलेश लहान मुलासारखा रडला. त्याचे रडणे खरे होते. त्यानेच चौकात फलक लावला. फलकावर काकांचा चेहरा होता, खांद्याखाली दुसऱ्याच कुणाचे तरी शरीर आणि हातात बंदूक.

शोकसभेला देवजीची आई मासवणहून आली. आता माईक कसा धरायचा हे तिला माहीत होते. "माज्या देवजीला गोळी लागली," ती म्हणाली, "तवा ह्यानं तिथंच बदला घेतला. पाच मारलं." मंडपात घोषणा झाली. माझ्या शेजारी काकू बसल्या होत्या. नवऱ्याने चौकीवर एकदाही गोळी झाडली नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी डोळे पुसले आणि सगळ्यांबरोबर हात वर केला.

या वर्षी देखाव्यात काकांचाही पुतळा असणार आहे. नीलेश मला म्हणाला, "बाई, लिखाण तुम्ही करा. तुमची भाषा चांगली." मी नाही म्हटले. त्याने कारण विचारले नाही. आताशा जिन्यात भेटला की तो खाली पाहून जातो.

पोत्यातला स्टोव्ह काकूंनी मला देऊन टाकला. तो गॅलरीत आहे. देवजी पहाटे गेला, भात शिजला का असे विचारून. हे सांगणारे आता कोणी नाही. मला ते माहीत आहे.