नळांच्या कारखान्यातले माझे विद्यार्थी

इथे अमेरिकेत, एडिसन गावी आमच्या मराठी ग्रुपमध्ये कुणाकडे जेवण असलं, की व्हिसा आणि प्रोजेक्टच्या गप्पा संपल्यावर कुणीतरी म्हणतंच, "नीला, तुझ्या वर्गातलं काहीतरी सांग ना यार." तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात मी कम्युनिटी कॉलेजला कम्प्युटर शिकवायचे. वर्ग सुटला की विद्यार्थी आपापल्या घरी जायचे आणि किस्से मात्र माझ्या गाडीत बसून एडिसनला यायचे.

विद्यार्थी बहुतेक पन्नाशीचे. गावातला पितळी नळांचा कारखाना बंद झाला आणि काम परदेशी गेलं. अशा लोकांना नवं काही शिकायचं असेल तर सरकार फी भरतं, आणि शिकत असेपर्यंत घर चालवायला भत्ताही देतं. फक्त वर्ग बुडवायचा नाही.

*

वर्ग सकाळी आठ वाजता असायचा. पहिल्या दिवशी मी जरा लवकर पोचले, तर सगळे कुलूपबंद दारासमोर रांगेत उभे, हातात जेवणाचे डबे. वॉल्टर म्हणून एक उंचापुरा माणूस सगळ्यात पुढे होता. त्याला विचारलं, इतक्या लवकर का आलात?

"शिफ्ट सातची असायची," तो म्हणाला.

दहाच्या ठोक्याला, कुणी काही न सांगता, सगळे एकदम उठले आणि कॉफीला गेले. मी एक वाक्य अर्धवट तोंडात धरून उभी!

*

डोलोरेस पॅकिंग खात्यातली. तिची धाकटी मुलगीही त्याच कॉलेजात होती आणि योगायोगानं माझ्याच वर्गात आली. मायलेकी शेजारी शेजारी बसायच्या. एकदा मुलीनं असाइनमेंटसाठी दोन दिवस जास्त मागितले. मी हो म्हणणार, तेवढ्यात डोलोरेसनं हात वर केला. देऊ नका म्हणाली.

"अहो, तुमचीच मुलगी ना?"

"घरी. इथे ती लेट आहे."

*

कम्प्युटर सगळ्यांनाच होता; पुढे कुठलं काम शिकायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. बरेच जण ट्रक चालवणं नाहीतर एसी रिपेअर घ्यायचे. वॉल्टरनं नर्सिंग घेतलं. सरकारी ऑफिसातल्या बाईंना वाटलं, चुकून सांगतोय. त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. वर्गात सगळ्या बायकाच असतील, हेही सांगून पाहिलं.

वॉल्टर त्यांना म्हणाला, "माझ्या आईला शेवटी शेवटी पलंगावरून उचलायला दोन नर्स लागायच्या. त्यांना तिला दुखवायचं नसायचं, पण दुखायचं. मी एकटा उचलायचो, तेव्हा तिला दुखत नसे."

बाईंनी नर्सिंग मंजूर केलं.

*

एकदा कॉफीच्या सुट्टीत डोलोरेसनं मला विचारलं, तू इंडियात कुठची? मी म्हटलं, पुण्याची. सगळ्यांनी एकदम वॉल्टरकडे पाहिलं. मला कळेना, काय चुकलं.

मग वॉल्टरनं सांगितलं. त्यांची मोठी प्रेस, पितळ दाबून नळाचे भाग काढणारी, पुण्याजवळच गेली होती. ती तिथे बसवून द्यायला आणि तिथल्या कामगारांना शिकवायला कंपनीनं त्यालाच पाठवलं होतं. परत आल्यावर नोकरी नाही, हे माहीत असताना तो गेला होता.

मी घाबरत विचारलं, मग शिकवलंत कसं?

"नीट शिकवलं," तो म्हणाला. "त्या प्रेसमध्ये माणसाचा हात जातो."

*

आणि हा शेवटचा.

वर्ग चालू असताना वॉल्टरचा फोन वाजला. त्यानं नंबर पाहिला, माझी परवानगी मागितली आणि म्हणाला, पुणे. त्यानं शिकवलेला मोहिते नावाचा ऑपरेटर होता. घाबरून त्याचं इंग्रजी पार आटलं होतं. वॉल्टरनं फोन स्पीकरवर टाकून माझ्या टेबलावर ठेवला. मी मराठीत 'बोला' म्हटलं, तसा तो सुटलाच.

"ताई, प्रेस बंद पडलीय. सकाळपासून कुणाला काही सुधरत नाही. साहेब मलाच धरतायत."

मी वर्गाला इंग्रजीत सांगितलं. डोलोरेस जागेवरूनच म्हणाली, "बंदच राहू दे." कुणी हसलं नाही.

वॉल्टरनं तिच्याकडे पाहिलं, आणि खडू हातात घेतला. तो प्रश्न विचारू लागला, मी मराठीत सांगू लागले. मला निम्मे शब्द येत नव्हते, तेव्हा तो फळ्यावर चित्र काढून दाखवायचा आणि मी ते चित्र फोनवर सांगायचे. एकेक करत सगळे उठून फळ्याजवळ आले. मध्येच कुणीतरी वॉल्टरला काहीतरी सुचवलं, त्यानं मान हलवली, मी तेही पुण्याला सांगितलं. पलीकडे पावलं, हाका, लोखंडावर लोखंड.

मग फोनमधून आवाज आला. धप्प. जरा थांबून पुन्हा धप्प. मग एका लयीत चालूच झाला.

मोहिते म्हणाला, "ताई, काकांना थँक्यू सांगा. ठेवतो मी."

डोलोरेस टेबलाच्या अगदी कडेला येऊन, प्रेसच्या आवाजाकडे कान लावून उभी राहिली होती. तिनं माझा हात धरला.

"त्याला सांग, एवढ्यात फोन ठेवू नको."