शेजारणीच्या माहेरचा फोन
ऑलिव्ह तेलात परतलेल्या लसणाचा वास आला की मुलुंडचं आमचं दोन खोल्यांचं घर आठवतं. शेजारच्यांची सून इटलीची होती. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात ती मैद्याच्या पाऱ्यांत पालक आणि चीज भरत एकटीच बसली होती. माहेरी आज सगळ्या बायका एका टेबलाभोवती बसून हे करतात, असं तिनं मोडक्या मराठीत सांगितलं. "एकटीनं कसला गं सण?" म्हणत आई तिच्याशेजारी बसली आणि करंजीसारखी मुरड घालू लागली. "आमच्यात अशी नाही," सून हसत म्हणाली, पण तिनं ती मुरड तशीच राहू दिली. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. दोन शब्द बोलून ती रडायलाच लागली. माझ्या आईनं पिठाच्या हातानंच रिसीव्हर घेतला. "पोरगी बरी आहे हो, आम्ही आहोत ना!" पलीकडून इटालियनमध्ये लांबलचक उत्तर आलं. आई मान डोलवत "हो ना, अगदी खरं" म्हणत राहिली, आणि मी हसून हसून लोळत होते. आता माझी लेक परदेशात असते, आणि तिच्या घरमालकिणीशी मी फोनवर बिनधास्त मराठीतच बोलते.