भाऊजींचं नवं तेल

आमचे धाकटे भाऊजी जेवायलासुद्धा अर्धेच बसायचे. एक मांडी घातलेली, दुसरा पाय उठायच्या तयारीत. पहिली भाकरी संपायच्या आत अंगणात जाऊन गाडीचं बॉनेट उघडून यायचे आणि हात पुसत परत ताटावर. मी लग्न होऊन तळेगावात आले तेव्हा मला वाटलं, भाऊजींच्या पोटात दुखतंय. सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या पायाला भिंगरी हाय. तू वाढ तुझं." गाव तर त्यांना भिंगरीच म्हणायचं.

गाडी काळी, जुनी, सासऱ्यांनी पुण्याच्या एका वकिलाकडून घेतलेली. भाऊजी ती तळेगाव स्टेशनवरून चाकणला भाड्यानं न्यायचे. सासरे गेल्यावर घर त्या गाडीवर आणि ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, शिंपीकामावर चालायचं. गाडी उभी राहिली की भाऊजींचा जीव वरखाली. भाडं मिळालं नाही तर रिकामीच शेजारच्या इंदोरी गावापर्यंत नेऊन आणायचे. मी म्हणायचे, "पेट्रोल काय तुमच्या सासऱ्याच्या विहिरीतनं येतं?"

"सासरा मिळाला की विचारतो, वहिनी," असं म्हणायचे आणि पसार व्हायचे.

तेल हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. इंजिनाचं तेल. कुणी नुसतं विचारायचा अवकाश, सुरू. "आधी डबा बघायचा, सील शाबूत हाय का. सुटं तेल घ्यायचं न्हाई. ते कुणाच्यातरी इंजिनातनं निघालेलं, गाळून परत विकायला ठेवलेलं असतं. उष्टं तेल ते." मग नंबर. नंबर मोठा तितकं तेल दाट. थंडीत तीस, उन्हाळ्यात चाळीस. थंडीत दाट घातलं तर सकाळी इंजिन उठत नाही, उन्हात पातळ घातलं तर टिकत नाही. "आणि दुकानदाराचं सगळ्यात शेवटी ऐकायचं. गाडीचं वय काय, तिला काय पचतंय, ते आधी बघायचं." तेलाचा थेंब चिमटीत धरून बोटं एकमेकांवर घासत ते असे डोळे मिटायचे की वैद्यानं नाडी धरावी. एकदा माझ्या फोडणीच्या तेलात बोट बुडवून म्हणाले, "हे पातळ हाय." मी लाटणं उगारलं.

ह्यांचा स्वभाव अगदी उलटा. बाजारात ह्यांचं दुकान होतं, दुकान कसलं, एक फळी आणि एक शिलाई मशीन. सकाळी त्यावर बसले की जेवायला तीनदा हाक मारावी लागायची. काज करताना तर हे श्वाससुद्धा बेतानं घ्यायचे. दोघं एका आईच्या पोटचे, हे नवख्या माणसाला शपथेवर सांगावं लागे.

पुढे चाकणला सरकारी बस धावायला लागली आणि भाडी तुटली. त्याच सुमाराला पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते. हे एका ओळखीच्या माणसाकडे भाऊजींसाठी शब्द टाकून आले आणि ताटावरच म्हणाले, "बाळू, महिनाभर बघू. गाडी चालली तर चालली. नाहीतर विकू, आणि तू पिंपरीला लाग."

भाऊजींचा घास हातात राहिला. "दादा, आठ तास एका यंत्रापुढं उभं ऱ्हायचं? मी मरंन रे." हे जेवत राहिले. मला मात्र पटलं. हा माणूस खरंच मरेल असं वाटून मला दिवसभर काही सुचेना. पिठात मीठ दोनदा पडलं.

पण नशीब उघडलं. कारखान्याचे एक साहेब तळेगावात बंगला घेऊन राहिले होते. त्यांना रोज पिंपरीला नेऊन आणायचं काम भाऊजींना मिळालं. महिनाभर नीट झालं तर कायमचं. भाऊजींनी गाडी अशी घासली की कोंबड्या तिच्यात आपलं रूप बघून चोच मारायला लागल्या.

आणि तिथेच खोडी सुचली. पंपावर नवीन प्रकारचं तेल आलं होतं, इंजिनातला मळ धुऊन काढणारं. साहेब बसतात त्या गाडीला साधं तेल कसं चालेल? पंपाचे शेठ भले माणूस. त्यांनी सांगितलं, नव्या इंजिनाला हे सोनं आहे, पण जुन्यात वर्षांचा गाळ बसलेला असतो. तो एकदम सुटला तर तेलाच्या वाटा तुंबतील. आधी चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवून धुवा, मग घाला. दोन दिवस गाडी उभी ठेवावी लागेल.

दोन दिवस. भाऊजींना दोन मिनिटं धीर नाही. गाडीला काय पचतंय ते बघा, असं गावाला शिकवणाऱ्यानं जुनं तेल काढलं आणि त्याच संध्याकाळी नवं ओतलं.

चौथ्या दिवशी सोमाटण्याच्या पुढे तेलाचा दाब दाखवणारा काटा खाली यायला लागला. त्यांना तो दिसला. मागे साहेब पेपर वाचत होते. वाटलं, आता थांबलो तर उशीर होईल, निगडीला बघू. निगडीच्या अलीकडेच इंजिन जागच्या जागी जाम झालं. साहेब एका लॉरीत बसून गेले ते गेलेच. संध्याकाळी आमची गाडी भर बाजारातून घरी आली ती बैलांच्या मागे. भाऊजी स्टिअरिंग धरून आत बसले होते, कुणाकडे न बघता.

हे दुकानातून उठून आले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि हातपाय धुवायला गेले. एक शब्द नाही. जेवतानाही नाही. मी आपली एकदा ह्यांच्याकडे, एकदा भाऊजींकडे बघतेय, आता फुटेल, मग फुटेल. काही फुटलं नाही.

दोन दिवसांनी ह्यांनी शिलाई मशीन विकलं आणि पैसे भाऊजींपुढे ठेवले. "इंजिन बांधून घे. पिंपरीला मी जातो."

"तुम्ही?" मी म्हटलं.

"मला एका जागी बसायची सवय आहे. तिथं उभं राहायचं, एवढंच. त्याला नाही जमणार."

पहिल्या दिवशी डबा घेऊन हे स्टेशनकडे निघाले तेव्हा भाऊजी दाराशी होते. हे दिसेनासे झाले तरी तिथेच. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, दादानं एक शिवी तरी द्यायची होती मला."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना अहोजाहो करत आले होते. पण दुकानातली ती मशीनची रिकामी जागा सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. म्हटलं, "मुडद्या, दोन दिवस थांबला असतास तर काय आभाळ कोसळत होतं? माझ्या नवऱ्याचे हात सुईचे रे, सुईचे. आणि तो आता लोखंड उचलायला गेला." अजून बरंच काही बोलले. सासूबाई आतून बाहेर आल्या आणि ऐकून परत आत गेल्या.

भाऊजींनी सगळं मान खाली घालून ऐकलं. माझं संपल्यावर ते उंबऱ्यावर बसले, दोन्ही मांड्या घालून, आणि लहान पोरासारखे रडले. मग मी त्यांच्याजवळ बसले.