व्हॅनचं रिकामं छत

मला कुणी "शेठ" म्हणून हाक मारली की मी सावध होतो. असं म्हणणारा काहीतरी गळ्यात मारायला आलेला असतो, नाहीतर भाव चढवून सांगणार असतो. सायकलच्या कॅरिअरला प्लास्टिकचे पाइप बांधून मी जळगावच्या मेहरूणपासून पुढच्या शिवारात विकत फिरायचो, तेव्हा मला शेठ म्हणणारं कुणी नव्हतं. धंदा मी तेव्हाच शिकलो. समोरच्याला आपली ऐपत दिसू द्यायची नाही, हे त्यातलं पहिलं.

व्हॅन घेतली तीसुद्धा अशीच. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतले एक साहेब निवृत्त होऊन गावी चालले होते. त्यांची जुनी कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि रांधायची सोय असलेली गाडी, अंगणात धूळ खात उभी होती. मी बाही उसवलेला शर्ट घालून गेलो, गाडीला भरपूर नावं ठेवली आणि घेऊन आलो. तिचं फायबरचं छत वर उचलता येतं. त्याच्या चारी बाजूंना ताडपत्रीच्या भिंती आहेत आणि छत तोलायला दोन्हीकडे स्प्रिंगा. छत वर गेलं की आत ताठ उभं राहता येतं, वरच्या फळीवर दोघांना झोपता येतं.

त्यातली एका बाजूची स्प्रिंग ढिली झाली होती. जळगावातल्या एका गॅरेजवाल्याने मला न विचारता दोन्ही बदलल्या. जुन्या मागितल्या तर भंगारात गेल्या म्हणाला. त्यातली चांगली स्प्रिंगही भंगारात गेली, हे मी कसं मानायचं? ती कुणाच्या तरी गाडीला लागली असणार, हे मी आजही सांगतो. त्याने घातलेल्या नव्या स्प्रिंगा वर्षभरात मऊ पडल्या. त्यानंतर छत उचलायला दोन माणसं लागायची. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बायको. तिची बाजू मागे राहिली की छत तिरकं होऊन अडकायचं आणि माझा आवाज चढायचा.

मग तिचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "मला एकटीला उचलता येईल असं छत करून घ्या. नाहीतर यापुढे तुम्ही एकटे फिरा. दर मुक्कामाला तुमची बोलणी खाऊन मला वर झोपायचं नाही."

ती असं बोलली की ते करते, हे मला माहीत आहे. मुलं पुण्याला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि मी दिवसभर पाइपांच्या दुकानात. आमचं एकमेकांशी जे काही बोलणं व्हायचं ते या गाडीतच. म्हणून धावपळ सुरू केली.

पाइप घेऊन येणाऱ्या एका ट्रकवाल्याने धुळ्याच्या एका कारागिराचं नाव सांगितलं. ट्रकची बॉडी बांधणारे म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना नाना म्हणत. ते स्प्रिंगा काढून गॅस भरलेले दांडे बसवतात, मोटारीच्या डिकीला असतात तसे. नाव सांगणाऱ्याला नानांकडून काहीतरी मिळत असणार, हे मी धरूनच चाललो.

जायच्या आदल्या दिवशी मी छतावरचं सोलर पॅनेल सोडवलं. लोखंडी कॅरिअर काढलं, बाजूला गुंडाळलेला मांडवाचा कपडा काढला. छताला आतून बांधलेली जाड गादीही काढली. सगळं घरात पलंगाखाली सरकवलं. गाडी जितकी गरीब दिसेल तितकं बरं.

नानांनी छताला काटा अडकवून वजन घेतलं आणि विचारलं, "भाऊ, वर इतलंच शे ना?"

मी म्हटलं, इतकंच आहे. ते मला भाऊ म्हणाले म्हणून मी मनात खूश होतो. काम संपेपर्यंत स्टूल टाकून समोर बसलो. त्यांनी दाखवलेल्या दांड्यांवर रंगाचा ठिपका दिला, म्हणजे बसवताना दुसरे बसवायला नकोत. उतरवलेल्या स्प्रिंगा पोत्यात घालून पायाशी ठेवल्या. शेवटी छत नुसत्या पंजाने वर गेलं आणि वर राहिलं. मला त्यात काही खोट काढता येईना, आणि त्यामुळेच जास्त संशय आला.

घरी येऊन सगळं सामान पुन्हा चढवलं आणि बायकोला बोलावलं. छत मीच वर केलं. ती आत जाऊन पडदे लावू लागली. जरा वेळाने फुस्स असा बारीक आवाज यायला लागला आणि छत हळूहळू खाली येऊ लागलं. ती मान वाकवून बाहेर आली, माझ्याकडे न बघता घरात गेली.

मी पेटलो. दांडे बदलले म्हणावं तर माझे ठिपके जागेवर होते. म्हणजे गॅसच कमी भरलेला असणार. आतलं कुणाला दिसतं? दुसऱ्याच दिवशी गाडी धुळ्याकडे काढली. बायको म्हणाली, मीही येते. ती माझी बाजू घ्यायला येते आहे असं मला वाटलं.

नानांच्या शेडसमोर उतरलो तो बोलतच. मला जे बोलायचं होतं ते सगळं बोललो, शेजारचे दुकानदार बाहेर येऊन बघू लागले. नाना माझ्याकडे बघतच नव्हते. ते छताकडे बघत होते.

"शेठ," ते म्हणाले, "हाई बठ्ठं तवय व्हतं का?"

शेठ. पॅनेल दिसल्याबरोबर मी शेठ झालो होतो. मी म्हटलं, हे सगळं तेव्हाही होतं.

नानांनी बायकोकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती नुसती गप्प राहिली असती, तरी पुरलं असतं.

"नव्हतं, नाना," ती म्हणाली. "यांनी काढून पलंगाखाली ठेवलं होतं."

शेजारचा दुकानदार हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले. "आनखी काय काढी ठेयेल शे?"

तिने गादीचं सांगितलं, कॅरिअरचं सांगितलं. मी विसरलो होतो ते पांघरुणांचं गाठोडंही सांगितलं. माझा कारागिरावरचा संशय निदान व्यवहारातला होता. पण माझ्याच घरचं माणूस असं भर बाजारात उलटेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

नानांनी एवढं वजन पेलतील असे जास्त जोराचे दांडे आणले. मी पुढे झालो तर म्हणाले, "शेठ, तुम्ही ऱ्हाऊ द्या. उचलनार त्या शेत ना? अक्का, तुम्ही उचला."

ती डाव्या हाताने उचलायची, खांद्यात कुठे कळ येते ते सांगायची. नाना दांड्याची खालची पट्टी थोडी सरकवायचे. मग पुन्हा उचल. दोघं माझ्याकडे पाठ करून काम करत राहिले. निघताना नानांनी बजावलं, आता यातलं काही काढायचं नाही, छत हलकं झालं तर दांडे ते खाली येऊ देणार नाहीत. म्हणजे यापुढे कुठल्याही गॅरेजात मी सगळा बारदाना डोक्यावर मिरवत जायचं. हे त्यांनी मुद्दाम केलं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतीच्या वाटेला लागलो. एरंडोल आलं तेव्हा ती म्हणाली, गाडी पद्मालयाकडे घ्या. मी घेतली. गणपतीचं दर्शन झालं. तळ्याच्या अलीकडे, झाडाखाली गाडी लावली. उतरलो आणि सवयीने माझ्या बाजूला जाऊन छताला हात लावला.

"हात काढा," ती म्हणाली.

मी काढला. तिने खटका सोडला, डावा हात लावला. छत सरळ वर गेलं, कुठेही तिरकं न होता. ती आत चढली. मी दांड्याला कान लावून फुस्स आवाज येतो का ते ऐकत राहिलो.

"काही होत नाही त्याला," वरून ताडपत्रीआडून ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात तोरणमाळला जाऊ. आणि तिथेच पहारा करायचा असेल तर करा, मी झोपते."

मी अजून थोडा वेळ कान लावून उभा राहिलो. मग चपला काढून वर चढलो.